'लाइट आली, बॅटरी घे' : एका उसन्या शब्दाची अर्थव्याप्ती

मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांची चर्चा आजवर प्रामुख्याने दोन भूमिकांवरून झाली आहे. एक भूमिका शुद्धीची. तिच्या मते असा प्रत्येक शब्द हा एखाद्या मराठी शब्दाच्या जागेवर झालेले अतिक्रमण आहे. दुसरी भूमिका सोयीची. तिच्या मते नवी वस्तू आली की तिचे नावही येणार; त्यात खंत करण्यासारखे काही नाही. या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात, परंतु त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक एकच आहे. उसना शब्द आपला अर्थ बरोबर घेऊन येतो आणि नव्या भाषेत तोच अर्थ सांभाळून राहतो, हे ते गृहीतक. ते तपासावयाचे तर पारिभाषिक किंवा शहरी शिक्षितांच्या बोलण्यातले शब्द घेऊन भागणार नाही. त्यांच्यामागे इंग्रजी वाक्यरचनेची स्मृती जागी असते. ज्या बोलणाऱ्याला मूळ भाषेचा आधार नाही त्याच्या तोंडचा, रोजच्या वापराने गुळगुळीत झालेला शब्दच येथे उपयोगी पडेल. 'लाइट' हा असा शब्द आहे, आणि भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचे दोन तालुके हे त्याचे अर्थ पाहण्यास सोयीचे ठिकाण आहे.

हा शब्द या दोन तालुक्यांपुरता आहे असे अर्थातच नाही. पश्चिम महाराष्ट्रात तो सर्वत्र याच रीतीने वापरला जातो. परंतु या प्रदेशाची रचना अशी आहे की शब्दाचे निरनिराळे अर्थ येथे एकमेकांशेजारी उभे राहतात. पश्चिमेला सह्याद्रीची धार, तिच्या कुशीत भाताची खाचरे आणि अतोनात पाऊस. पूर्वेला महामार्गाकडे सरकत जाणारी, मोटारींनी पाणी उपसून भिजणारी शेती. मधे धरणे आहेत : वेळवंडी नदीवरचे भाटघर, नीरेवरचे नीरा-देवघर, कानंदीवरचे गुंजवणी, आणि उत्तरेच्या अंगाला पानशेत व वरसगाव. भाटघरचे आजचे धरण १९२७ सालचे. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूर आणि फलटण-माळशिरसकडे जाते. शेजारच्या मुळशीत १९२१ पासून जो सत्याग्रह झाला तो मुंबईला वीज पुरविण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध होता. म्हणजे या डोंगरपट्ट्यात विजेची ओळख घरात दिवा लागण्यापूर्वी, जमीन बुडण्याच्या रूपाने झाली. शब्दाच्या इतिहासात अशा गोष्टींना स्थान असते, जरी कोशात ते दिसत नसले तरी.

प्रारंभ 'वीज' या शब्दापासून करावा लागतो, कारण 'लाइट'ने तिची जागा घेतली असा आरोप आहे. 'वीज' हा संस्कृत 'विद्युत्'पासून प्राकृतातील 'विज्जु'मार्गे आलेला शब्द. मोल्सवर्थच्या कोशात तो आकाशातल्या विजेचा वाचक आहे. तारेतून वाहणाऱ्या शक्तीला हे नाव शिक्षितांनी पुढे दिले. ते भाषांतर होते, आणि इंग्रजीतल्या शब्दाचे नव्हे तर कल्पनेचे भाषांतर होते. पुस्तकी मराठीत ते सर्वमान्य झाले. शासकीय मराठीने आणखी एक पायरी वर चढून 'विद्युत' स्वीकारला. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाच्या नावात तो होता. २००५ मध्ये त्या मंडळाचे विभाजन झाले आणि लोकांशी संबंध येणाऱ्या कंपनीचे नाव 'महावितरण' झाले. (या नावात वितरण आहे, परंतु कशाचे वितरण हे सांगणारा शब्दच नाही, ही एक गंमत.) गावात मात्र 'विद्युत गेली' असे कोणी कधी म्हटले नाही, आणि 'वीज गेली' असेही क्वचितच.

का म्हटले नाही याचे उत्तर पावसाळ्यातल्या एका साध्या वाक्यात सापडते : 'वीज कडाडली न् लाइट गेली.' पासली-केळदच्या बाजूला किंवा वरंध घाटाच्या तोंडाशी जूनच्या पहिल्या वळवात हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघू शकते. यात दोन शब्द आहेत आणि त्यांची अदलाबदल करता येत नाही. 'वीज कडाडली आणि वीज गेली' या वाक्यात ऐकणारा क्षणभर अडखळेल. प्रमाणभाषेला येथे 'वीजपुरवठा खंडित झाला' असा लांब वळसा घ्यावा लागतो. 'वीज' ही पडते, चमकते, कडाडते, लवते. ती झाड जाळते, गुरे मारते. तिला येणे-जाणे नाही, कारण तिला मुक्काम नाही. 'लाइट' येते, जाते, असते, नसते. ती पाहुण्यासारखी किंवा नोकरावर गेलेल्या माणसासारखी आहे. बोलीने नवी शक्ती ओळखली ती तिच्या स्वरूपावरून नव्हे, तिच्या वागण्यावरून.

सोस्यूरने चिन्हाचे 'मूल्य' समजावताना मेंढी आणि मेंढीचे मांस यांचे जे उदाहरण दिले ते साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. फ्रेंचमध्ये दोहोंस एकच शब्द, इंग्रजीत दोन. म्हणून फ्रेंच शब्दाचा आणि इंग्रजी शब्दाचा अर्थ काही ठिकाणी एक असला तरी मूल्य एक नाही. शेजारी कोणता शब्द उभा आहे यावर मूल्य ठरते. हाच न्याय येथे लावला तर असे दिसते की बोलीत 'वीज' आणि 'लाइट' असे दोन शब्द आहेत. पुस्तकी मराठीत तेवढ्याच क्षेत्रावर एकट्या 'वीजे'चा अंमल आहे. म्हणजे ज्या शब्दाने मराठीची हानी झाली असे म्हटले जाते, त्याच शब्दामुळे 'वीज' या जुन्या शब्दाचा जुना, आकाशातला, भयाचा अर्थ बोलीत शाबूत राहिला. पुस्तकी मराठीत मात्र विजेचे बिल येते, विजेची बचत होते, विजेचा दर वाढतो. आणि तेथे वीज पडल्याचे सांगताना 'आकाशातील वीज' किंवा 'वीज कोसळून' असा खुलासा करण्याकडे कल होतो. शब्द राखला गेला आणि त्यातली धास्ती गेली, असा हा व्यवहार आहे.

हे क्षेत्र दोनच शब्दांत संपत नाही. तारेत असतो तो 'करंट'. हाताला बसतो तो 'शॉक'. दिवा मंद जळतो तेव्हा 'व्होल्टेज नाही' किंवा लाइट 'डिम' आहे. एकाच भौतिक गोष्टीचे हे चार-पाच चेहरे, आणि प्रत्येकाचे क्रियापद ठरलेले. 'लाइटीचा शॉक' म्हणतात, परंतु 'लाइट बसली' म्हणत नाहीत. 'करंट मारतो', परंतु करंट गावाला 'येत' नाही. हे सर्व शब्द इंग्रजी आहेत एवढ्यावरून या वाक्यांना मिश्रभाषा म्हणणारा अभ्यासक शब्दांच्या जन्मदाखल्यांकडे पाहतो, त्यांच्या संसाराकडे नाही.

अनेकार्थी शब्दाचा विवक्षित अर्थ कोणत्या साधनांनी निश्चित होतो याची भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात दिलेली यादी मम्मटाने पुढे 'काव्यप्रकाशा'त उद्धृत केली आणि ती अलंकारशास्त्राच्या पाठात स्थिरावली. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल, व्यक्ती इत्यादी साधने त्या यादीत आहेत. आपल्याकडे ती परीक्षेपुरती पाठ केली जाते आणि तिची उदाहरणे हरी, राम, अर्जुन यांच्यापलीकडे जात नाहीत. वास्तविक 'लाइट'सारख्या शब्दावर ती चालवून पाहिली तर तिचे बळ कळते. त्या यादीतील 'व्यक्ती' म्हणजे व्याकरणातले लिंग. (त्याच यादीत 'लिंग' हा शब्दही आहे, पण त्याचा अर्थ खूण असा आहे, विद्यार्थ्यांची येथे नेहमी गल्लत होते.) संस्कृतात लिंगभेदाने अर्थभेद होतो, तसाच तो येथे होतो. 'बाहेरचा लाइट लाव' यातला लाइट पुल्लिंगी आहे. तो दिव्याच्या जागी आला आणि दिव्याचे लिंग त्याने घेतले. 'लाइट गेली' यातली लाइट स्त्रीलिंगी आहे. ती विजेच्या नात्याने स्त्रीलिंगी झाली. जो वस्तू आहे तो पुरुष, जी शक्ती आहे ती स्त्री. शिवाय 'लाइट गेले' असेही ऐकू येते, ते 'दिवे गेले' या धर्तीवरचे अनेकवचन आहे. आणि लग्नाच्या मांडवात 'लाइटी' लागतात. इंग्रजीत या शब्दाला लिंगच नाही. म्हणजे अर्थ वेगळे करण्याचे हे साधन मराठीने स्वतःच्या पदरचे घातले आहे. वापरात अर्थातच डळमळ आहे, एकाच घरात दोन लिंगे ऐकू येतात. परंतु डळमळ आहे ती 'दिवा' आणि 'वीज' या दोन मराठी नात्यांतली आहे, मराठी आणि इंग्रजी यांच्यातली नाही.

'दिवा' या शब्दाशी 'लाइट'चे नाते अधिक नाजूक आहे. दिवा 'विझवला' असे जुन्या घरात म्हणत नाहीत. तो मालवतात किंवा शांत करतात. विझणे हे क्रियापद मरणाच्या फार जवळ आहे. 'लाइट' या शब्दाला हा सोवळेपणा नाही. ती 'बंद कर' असे बेलाशक म्हणता येते, आणि ती 'गेली' म्हणण्यातही काही अशुभ वाटत नाही, जरी माणसाबद्दल 'गेली' म्हटले तर एकच अर्थ होत असला तरी. उसन्या शब्दाचा एक मोठा उपयोग असा की त्याच्या मागे पितर उभे नसतात. पण ही सोय पूर्ण वेळ घेतली जात नाही. तिन्हीसांजेला बटण दाबून लावलेला तोच बल्ब 'दिवा' होतो. त्याला हात जोडले जातात. त्या वेळेचे नाव दिवेलागण हेच राहिले, 'लाइटलागण' झाले नाही. त्याचप्रमाणे 'काय दिवे लावलेस!' या उपरोधात दिव्याच्या जागी लाइट बसत नाही. एकाच वस्तूला सायंकाळी एक नाव आणि रात्री नऊला दुसरे, ही गोष्ट भर्तृहरीच्या 'काल' या साधनाची याहून चांगली साक्ष देणारी उदाहरणे थोडी असतील.

येथपर्यंतचे अर्थ घरातले झाले. या शब्दाचा सर्वांत दूर गेलेला अर्थ शेतात आहे. शेतीच्या मोटारींसाठी तीन फेजचा पुरवठा ठराविक तासांपुरता आणि पाळीपाळीने देण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक वर्षे रूढ आहे. काही दिवस तो दिवसा मिळतो, काही दिवस रात्री. त्यावरून 'दिवसाची लाइट' आणि 'रात्रीची लाइट' असे दोन प्रयोग निर्माण झाले. 'या आठवड्यात रातची लाइट हाय' या वाक्याचा अर्थ असा की या आठवड्यात मध्यरात्री उठून, अंधारात बांधावरून जाऊन, पाणी धरावे लागणार. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ उजेड. येथे त्याचा अर्थ झाला आहे अंधारात जावे लागणे. घरात दिवा लागो न लागो, सिंगल फेज असो वा नसो, मोटार चालविणारी 'लाइट' वेगळी. ती पाळी आहे, कामाचा हुकूम आहे. विंचूकाट्याचे भय तिच्यात अंतर्भूत आहे. 'दिवसाची लाइट' तर उजेडाच्या दृष्टीने निरर्थक शब्दसंहती आहे; दिवसा उजेड कोणाला हवा असतो? तरीही तीच खरी मागणी, आणि गावोगावच्या निवेदनांत तीच लिहिलेली असते.

आणि मग ते वाक्य येते, जे या सर्व विवेचनाचा मध्यबिंदू मानता येईल : 'लाइट आली, बॅटरी घे.' मराठीत 'बॅटरी' म्हणजे हातात धरावयाचा विजेरी दिवा. 'विजेरी' हा चांगला घडवलेला शब्द लेखनात आहे, बोलण्यात नाही. पाहण्यासारखे असे की ज्या शक्तीने दिवा लागतो तिला दिव्याच्या उजेडाचे नाव मिळाले, आणि ज्या दिव्यातून उजेड पडतो त्याला आतल्या शक्तीचे नाव मिळाले. कारणाला कार्याचे नाव, कार्याला कारणाचे. दोन्ही शब्द इंग्रजी. दोन्ही आपल्या मूळ घरातून निघून एकमेकांच्या घरात जाऊन बसले आहेत. ज्याला फक्त इंग्रजी येते त्याला हे वाक्य शब्दशः समजावले तर तो म्हणेल की उजेड आल्यावर विजेचा साठा कशासाठी घ्यावा? ज्याला मराठी येते त्याला त्यात समजण्यासारखे काही वाटतही नाही. शेतकऱ्याने अंथरूण सोडलेले असते.

लक्षणेच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे मुख्यार्थाचा बाध आहे, मुख्यार्थाशी संबंध आहे, आणि तिसरी अट रूढीने पुरी झाली आहे. प्राचीनांचे नेहमीचे उदाहरण गंगेवरच्या गवळीवाड्याचे. तेथे प्रवाहाचे नाव घेऊन काठ सुचविला जातो, कारण शीतलता व पावित्र्य हे प्रयोजन साधावयाचे असते. 'रात्रीची लाइट'मध्ये बोलणाऱ्याचे असे प्रयोजन नाही. ती निव्वळ रूढ लक्षणा आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने प्रश्न असा उभा राहतो की हीच रूढ लक्षणा एखाद्या कथेत आली तर ती रूढच राहते काय? बोलणाऱ्या पात्रासाठी जो शब्द मेलेला आहे तो वाचकासाठी, विशेषतः शहरी वाचकासाठी, जिवंत होतो. त्याला उजेड आणि अंधार यांतला विरोध ऐकू येतो. व्यंजना पात्राच्या मनात नाही, लेखकाच्याही हेतूत नसेल, पण संहितेत ती आहे. ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने 'अस्सल बोली' असे प्रशस्तिपत्र देऊन ज्या संवादांवरून पुढे जाण्याची सवय लावून घेतली, त्यांत अशा जागा अनेक असणार.

या समीक्षेची एक विचित्र पद्धत येथे नोंदविली पाहिजे. ग्रामीण कथा-कादंबऱ्यांच्या शेवटी बोलीतल्या शब्दांचे अर्थ दिले जातात : अवजारांची नावे, गवतांची, नात्यांची. 'लाइट', 'मोटार', 'फेज' यांचे अर्थ दिले जात नाहीत, कारण ते वाचकाला ठाऊक आहेत असे धरले जाते. प्रत्यक्षात अर्थ ठाऊक नसतो तो नेमका याच शब्दांचा. 'औत' न कळलेला वाचक निदान आपल्याला ते कळले नाही हे जाणतो. 'रात्रीची लाइट' वाचणारा आपल्याला कळले असे समजून पुढे जातो. शिवाय निवेदकाची भाषा प्रमाण आणि पात्रांची बोली, असा जो दुभंग ग्रामीण कथेने दीर्घकाळ स्वीकारला, त्यात पात्र म्हणते 'लाइट गेली' आणि पुढच्याच ओळीत निवेदक लिहितो की वीज गेल्यामुळे अंधार झाला. एका शब्दाच्या बदलाने निवेदक त्या घरातून बाहेर पडून रस्त्यावर उभा राहतो. बाख्तिनने शब्द निम्मा दुसऱ्याचा असतो असा जो विचार मांडला तो येथे अगदी शब्दशः लागू पडतो. फक्त दुसरा म्हणजे इंग्रज नव्हे, तर मराठी निवेदक.

आनंद यादव यांनी 'गोतावळा' (१९७१) मध्ये हा दुभंग मिटविला, संपूर्ण निवेदनच नारबाच्या बोलीत केले, आणि त्यामुळे तेथे ट्रॅक्टर हा शब्द जनावरांच्या नावांच्या रांगेत येऊन उभा राहतो तेव्हा त्याचे परकेपण भाषेचे नसून नात्याचे आहे हे वाचकाला जाणवते. त्याच्या उलट टोकाला मर्ढेकर आहेत. रात्र आणि दिवे यांचा संबंध सांगताना त्यांनी 'पंक्चर' या शब्दापासून थेट मराठी क्रियापद सिद्ध केले, त्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्याच ठिकाणी नाम मात्र त्यांनी 'दिवे' हेच ठेवले आहे, याकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. 'लाइट' तेथे चालला नसता. यंत्राचा धक्का क्रियापदात हवा होता आणि तो जाणवण्यासाठी ज्याला धक्का बसतो ते नाम जुने, ओवाळलेले असणे आवश्यक होते. उसना शब्द कोठे वापरावयाचा नाही हे ज्या कवीला कळते त्यालाच तो कोठे वापरावयाचा हेही कळते.

शुद्धीच्या भूमिकेला याच मुलखात एक जुना संदर्भ आहे. राजगड ही शिवाजी महाराजांची रायगडापूर्वीची राजधानी. पुढे त्यांच्याच राजवटीत फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. त्याची राजकीय भव्यता वादातीत आहे. परंतु राजगडावर जाणारा आजही चढतो तो 'बालेकिल्ला'. त्यातला 'बाला' म्हणजे वरचा, हा फारसी शब्द. निवडणुकीत ढासळतो तोही बालेकिल्लाच. तोरण्याला महाराजांनी 'प्रचंडगड' हे नाव दिले, ते सार्थ आहे, आणि वेल्ह्यातला माणूस त्याला तोरणाच म्हणतो. वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. कागदावरचे नाव आणि तोंडातले नाव यांचा हिशेब याही वेळी निराळा चालेल असे मानावयास जागा आहे. माधव ज्यूलियन यांचा प्रवास या संदर्भात बोलका आहे. १९२५ साली फार्शी-मराठी कोश करणारा आणि फारसी शब्दांनी आपली कविता सजविणारा हा कवी १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितो. दोन्ही टप्प्यांवर त्यांचे लक्ष शब्दाच्या कुळावर आहे. शब्दाने नव्या घरी येऊन काय केले, हा प्रश्न शुद्धिवादाच्या कक्षेत येत नाही. देशीवादी विचारात 'देशीकरण' या संकल्पनेला स्थान आहे, त्यामुळे तेथे हा प्रश्न निदान विचारता येतो. मात्र तेथेही देशीकरणाची उदाहरणे कादंबरी किंवा कवितेसारख्या साहित्यप्रकारांच्या पातळीवर शोधली जातात. एका शब्दाच्या लिंगात ती सापडू शकतात याची दखल घेतली जात नाही.

विल्यम एम्पसनने १९५१ च्या आपल्या ग्रंथात 'ऑथेल्लो'तील 'ऑनेस्ट'सारख्या साध्या शब्दांची अंतर्गत रचना उलगडली. शब्दाच्या दोन अर्थांमध्ये एक अनुच्चारित विधान दडलेले असते, हा त्याचा मुख्य मुद्दा. रेमंड विल्यम्सने १९७६ मध्ये समाजजीवनातल्या कळीच्या शब्दांचे इतिहास लिहिले. दोघांचेही शब्द मुख्यतः विचारांचे शब्द आहेत : प्रामाणिकपणा, बुद्धी, संस्कृती, वर्ग. मराठीत या पद्धतीने काम करणाऱ्यांनीही 'धर्म', 'लोक', 'संस्कृती' असेच शब्द घेण्याची शक्यता अधिक. परंतु 'लाइट'च्या दोन अर्थांतही एक विधान दडलेले आहे. घरातली लाइट आणि मोटारीची लाइट यांना एकच नाव असणे म्हणजे, ज्याने घरी सुख येते त्यानेच रात्री कष्ट येतात, असे न बोलता म्हणणे. हे विधान खरे की खोटे हा वेगळा प्रश्न. शब्द वापरणारा ते दर वेळी करीत असतो.

शहराकडे वळले की या शब्दाला आणखी एक शाखा फुटते आणि ती भलत्याच मुळातून आलेली असते. पुण्यात शिकावयास गेलेला भोरचा मुलगा 'लाइट घे रे' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ मनावर घेऊ नकोस असा असतो. हा 'लाइट' म्हणजे हलका. इंग्रजीत उजेड आणि हलका हे दोन वेगळे शब्द उच्चारसाम्याने एक झाले आहेत. पहिल्याचे नाते संस्कृत 'रुच्' धातूशी, दुसऱ्याचे 'लघु'शी. लघु हा शब्द मराठीत होताच, हलकाही होता. 'हलके घे' असे म्हणता आले असते. परंतु 'हलका' या शब्दावर जातीचे आणि प्रतीचे ओझे आहे, 'लाइट'वर नाही. पुन्हा तेच : पितर नसलेला शब्द. बुद्धीच्या संदर्भात मात्र पहिलाच अर्थ चालतो, कारण उशिरा समजणाऱ्याची 'ट्यूब पेटते'. ही प्रतिमा स्टार्टरच्या नळीची आहे, जी दोन-चारदा लुकलुकून मग लागत असे. आता एलईडी दिवे एका क्षणात लागतात, आणि ट्यूब पेटणे काय असते हे न पाहिलेली पिढीही ट्यूब पेटली असेच म्हणते.

अनुवादकाची अडचण यातून वेगळ्याच स्वरूपात पुढे येते. मराठी कथेतले देशी शब्द इंग्रजीत नेणे कठीण, असे सामान्यतः म्हटले जाते. 'औत', 'खाचर', 'दिवेलागण' यांच्यासाठी निदान टीप देता येते, किंवा शब्द तसाच ठेवता येतो. 'लाइट' तसाच ठेवला तर तो इंग्रजीत जाऊन पुन्हा उजेड होतो आणि वाक्य मरते. बदलून 'पुरवठा' या अर्थाचा शब्द घातला तर शेतकऱ्याच्या तोंडी कारकुनाची भाषा येते. इंग्रजीतून आलेला शब्दच इंग्रजीत सर्वांत अनुवादास अवघड ठरतो. मोबाइल आल्यावर यात आणखी भर पडली. फोनला उजेडाची सोय आली आणि तिला लोकांनी हातातल्या दिव्याचे जुने नाव दिले, बॅटरी. परंतु फोनच्या आतल्या विजेच्या साठ्याचे नावही बॅटरीच. आता रात्रीच्या लाइटीला निघालेल्याला घरातून सांगितले जाते की मोबाइलची बॅटरी लाव, आणि तो उत्तर देतो की बॅटरी संपली म्हणून बॅटरी लागत नाही. दोन्ही अर्थ एका वाक्यात आहेत, आणि 'लागणे' व 'संपणे' या दोन मराठी क्रियापदांनी ते वेगळे ठेवले आहेत.